सर, कोचवरचा विश्वास उडालाय

वाचकांचे प्रश्न : फुटबॉल

प्रश्न : सर, नमस्कार. मी मंगळवार पेठेत राहतो, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहे. आमच्या टीमसाठी दोन वर्षांपूर्वी बाहेरून कोच आणला. आल्या आल्या त्यांनी मागं चारच्या जागी तीन बचावपटू खेळवायला सुरुवात केली. गोलकीपरनं लांब किक मारायची नाही, जवळच पास द्यायचा, असाही नियम केला. गेल्या वर्षी आम्ही सेमीफायनलला हरलो, यंदाही सेमीफायनललाच. यंदाची मॅच तर हातातली होती. एप्रिलचं ऊन, तरी पोरांनी ७० व्या मिनिटापर्यंत १-० अशी आघाडी टिकवली होती. तेव्हा कोचनी स्ट्रायकरला बाहेर काढून आणखी एक बचावपटू मधे घातला. अख्खी गॅलरी "नको, नको" म्हणून ओरडत होती. ८४ व्या मिनिटाला आमच्या डाव्या बाजूनं क्रॉस आला, हेडरवर गोल झाला, आणि टायब्रेकरमध्ये (पेनल्टी किकवर) आम्ही हरलो. आता ग्रुपवर पोरं म्हणतात, पुढच्या मॅचला झेंडा लावायचा नाही, मैदानाकडं पाठ करून बसायचं. काही जण टीम चालवणाऱ्या तालमीवर मोर्चा न्यायचा म्हणतात. मी वडिलांच्या खांद्यावर बसून मॅच बघत मोठा झालोय. टीमवर जीव आहे, पण या माणसाच्या निर्णयांवर माझा विश्वास उरला नाही. माझं चुकतंय का?
(एक समर्थक, मंगळवार पेठ, कोल्हापूर)

उत्तर : नाही चुकत, बाळा. विश्वास उडालेला असताना नुसत्या टाळ्या वाजवत बसणं मलाही जमलं नसतं. पण तो नेमका कशावरचा उडाला, हे तू अजून वेगळं काढलेलं नाहीस. तीन बचावपटू, गोलकीपरचा जवळचा पास आणि ७० व्या मिनिटाचा बदल, सगळं एकाच रागात कालवलंयस. माझ्या मते यातली एकच गोष्ट खरी चूक आहे.

आधी तो बदलच घेऊ. स्ट्रायकर पुढं उभा असतो तेव्हा समोरच्यांचे दोन स्टॉपर, म्हणजे मधले बचावपटू, त्याच्यापाशी अडकून पडतात. तो गेला की दोघंही मोकळे. त्यातला एक सरळ मध्यरेषा ओलांडून खेळायला येतो. आपण मागून काढलेला प्रत्येक बॉल पुन्हा आपल्यावरच येतो, कारण पुढं तो धरून ठेवायला कुणी नाही. अशी वीस मिनिटं काढणं फार अवघड असतं. तरीही एवढ्यावरून मी कोचला चूक म्हणणार नाही. एप्रिलच्या उन्हात ७० मिनिटं पळून पोराच्या पायात गोळे आले असतील, त्यानंच हात वर करून सांगितलं असेल. गॅलरीतून ते दिसत नाही. चूक त्याच्या पुढची आहे. तूच लिहिलंयस की क्रॉस डाव्या बाजूनं आला. डाव्या कडेचा पोरगा तोवर थकलेला असणार, आणि कोचनी नवा माणूस घातला तो मधे. भोक कडेला आणि ठिगळ मधे. बचावपटू वाढवला हे ठीक, पण दमलेल्या पोराच्या जागी ताजा पोरगा हवा होता. इथं गॅलरीचं म्हणणं मला पटतं, फक्त कारण वेगळं आहे.

आता तीन बचावपटूंचं. ती पद्धत मुळातच वाईट, असं समजू नकोस. सप्टेंबर २०१६ मध्ये इंग्लंडच्या लीगमध्ये आर्सेनलनं चेल्सीला ३-० असं हरवलं. त्या सामन्यात हाफ टाइमलाच तीन गोल पडले होते. उत्तरार्धात चेल्सीचे कोच अँतोनियो कॉन्ते यांनी मागं तीन जण केले आणि पुढच्या सामन्यापासून तीच पद्धत कायम ठेवली. त्यानंतर लीगमध्ये सलग १३ विजय. हंगाम संपला तेव्हा ३८ पैकी ३० सामने जिंकून चेल्सी विजेती होती. पण या गोष्टीतला माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा माणूस उजव्या कडेचा व्हिक्टर मोझेस. त्याआधीचे तीन हंगाम चेल्सीनं त्याला दुसऱ्या क्लबांकडं उसना दिला होता. कॉन्तेंनी त्याला कडेला उभं केलं, आणि बचावापासून चढाईपर्यंतची ती अख्खी कड तो एकटा धावून काढायला लागला. मागं तीन ठेवायचे तर दोन्ही कडांना असे पळणारे लागतातच.

आपल्याकडं ते कोण आहेत? मोझेसला दुसरं काम नव्हतं. त्याचं जेवण, झोप, सराव सगळं त्या दीड तासासाठी. आपल्या डाव्या कडेचा पोरगा सकाळी सहाला सराव करून कामावर जातो, कधी रात्रपाळी करून तसाच मैदानावर येतो. तू स्वतः फौंड्रीत आहेस, भट्टीपुढून घरी आल्यावर पाय कसे होतात ते तुला मी सांगायला नको. म्हणून "तीन का खेळवता?" असं कोचला विचारू नकोस. "शेवटच्या वीस मिनिटांत डाव्या कडेला कोण पळणार?" असं विचार. याचं उत्तर त्यांच्याकडं असेल तर पद्धत राहू दे. नसेल तर ती आपल्या पोरांच्या मापाची नाही, मग दुसऱ्या कुणाला तिनं कितीही कप मिळवून दिलेले असोत.

गोलकीपरच्या पासबद्दल मी कोचच्या बाजूनं आहे, आणि हे तुला आवडणार नाही. मैदान सुकून बॉल वेडावाकडा उसळायला लागला की धोका आहे, त्या दिवशी लांब मारायची मोकळीक हवी. पण पोरांना पायाखाली बॉल ठेवायला शिकवणारा कोच रोज मिळत नाही. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्या पातळीवर अंगावर माणूस आलेला असताना पहिल्या स्पर्शात बॉल ताब्यात घ्यावा लागतो. आंधळी लांब किक मारून ते येत नाही. या एका गोष्टीला अजून एक वर्ष दे.

आता माझं सांगतो. मी कोच होतो त्या काळात आमच्या गॅलरीत खालच्या पायरीवर एक वयस्कर हमाल बसायचे. एकदा मॅच सुटल्यावर ते मला म्हणाले, "सर, कॉर्नर काढला की तुमची समदी पोरं बॉलच्या मागनं बघत्यात, आन् डीच्या भायर त्यांचा एक गडी मोकळाच असतोय." डी म्हणजे गोलपुढची पेनल्टीची चौकट. मी मान हलवली आणि सोडून दिलं. मनात म्हटलं, यांना काय कळतंय. पुढच्या मॅचला तिथूनच एक शॉट आला, पोलला लागून बाहेर गेला. तरी मी काही केलं नाही. त्याच्या पुढच्या मॅचला तिथूनच गोल खाल्ला आणि आम्ही स्पर्धेबाहेर गेलो. डीच्या बाहेर एक पोरगा उभा करायचा, एवढंच करायचं होतं. ते माझ्या हातात होतं, मला सांगितलंही गेलं होतं, आणि मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना शोधत मार्केट यार्डात गेलो आणि माफी मागितली. ते म्हणाले, "फुडच्या वर्साला बगा." या गोष्टीला खूप वर्षं झाली. पण गॅलरीला कळत नाही असं कुणी म्हटलं की अजून मला ती खालची पायरी आठवते.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. कुठं दुखतंय ते गॅलरीला बहुतेक वेळा बरोबर दिसतं. औषध काय ते मात्र कोचनं ठरवायचं असतं, कारण कुठल्या पोराच्या घोट्याला सूज आहे, कुणाच्या घरी आजारपण आहे, हे त्याला माहीत असतं. तुम्ही दुखणं दाखवा. ते वारंवार दाखवूनही तो बघायला तयार नसेल, तर मग तुमचा विश्वास उडणं रास्तच आहे.

ते दाखवायचं कसं? मोर्चा नको. तुम्ही तिघं-चौघं मॅच नसलेल्या दिवशी संध्याकाळी तालमीवर जा. पोरं समोर नसताना बोला. त्याआधी तीन मॅच एक वही घेऊन बस आणि आपण बॉल कुठं गमावतो, समोरच्यांची चढाई कुठल्या कडेनं येते, ७० व्या मिनिटानंतर कोण चालायला लागतो, एवढंच लिही. तीन मॅचमध्ये डावी कडच पुन्हा पुन्हा येत असेल तर वही त्यांच्यापुढं ठेव. मग ते काय बोलतात ते नीट ऐक. "हो, तिथं माझा अंदाज चुकला" म्हणाले तर आणखी एक हंगाम त्यांच्या मागं उभे राहा. "पद्धत बरोबर आहे, पोरांनाच कळत नाही" म्हणाले, तर मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना भेटून कोच बदला असं स्पष्ट सांगा. हरल्यावर आपल्याच पोरांकडं बोट दाखवणारा कोच मला चालत नाही. तिथं मी थांबत नाही.

आणि झेंडा लावा. पाठ करून बसलात तर ती कोचला दिसेल की नाही सांगता येत नाही, पण जर्सी घालून आत उतरलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराला नक्की दिसेल. त्याचा यात काय दोष? हुल्लडबाजीमुळं आपल्याकडं सामने थांबले, ते दिवस तुम्ही पाहिलेत. त्यात नुकसान झालं ते खेळणाऱ्यांचंच.

प्रश्न : टीव्हीवर कधी तीन बचावपटू म्हणतात, कधी त्याच टीमला पाच म्हणतात. नक्की किती?
(एक वाचक, कळंबा)

उत्तर : दोन्ही बरोबर. बॉल आपल्याकडं असतो तेव्हा कडेचे दोघं वर जातात, मागं तीन उरतात. बॉल गेला की ते दोघं मागं येतात, मग पाच होतात. ते वेळेवर मागं आले नाहीत तर तीनच राहतात आणि दोन्ही कडा उघड्या पडतात. वर मंगळवार पेठेच्या प्रश्नात जे झालं ते हेच.

प्रश्न : माझा तेरा वर्षांचा मुलगा इंग्लंडमधल्या टॉटनहॅम क्लबचा चाहता आहे. सोन ह्युंग-मिन या खेळाडूमुळं तो त्या टीमकडं वळला. मागच्या वर्षी हंगामभर तो "या कोचला काढा" म्हणत होता. मग टीमनं कप जिंकला, आणि सोळा दिवसांनी खरंच कोचला काढलं, तर हा दिवसभर जेवला नाही. "आई, मी बोललो म्हणून झालं का?" असं विचारत होता. त्याला काय सांगू?
(एक आई, राजारामपुरी)

उत्तर : ताई, त्याला आधी एवढं सांगा की त्याच्यामुळं काही झालेलं नाही. आणि हेही सांगा की कोचबद्दल इतकं वाईट वाटणारा मुलगा चांगला चाहता होणार आहे.

त्याचं हंगामभराचं म्हणणं निराधार नव्हतं. अँजी पोस्टेकोग्लू २०२३ मध्ये कोच म्हणून आले तेव्हा लीगच्या पहिल्या दहा सामन्यांत टीम हरली नव्हती. बचावफळी मध्यरेषेपर्यंत वर न्यायची आणि चढाई करत राहायचं, ही त्यांची पद्धत. त्या नोव्हेंबरात चेल्सीविरुद्ध दोन खेळाडू बाहेर काढले गेले, नऊ जण उरले, तरी ती फळी वरच राहिली आणि सामना ४-१ असा गेला. तेव्हा धाडस म्हणून कौतुक झालं. पण २०२४-२५ मध्ये दुखापतींनी बचावपटू मोडकळीला आले, तरी पद्धत तशीच. लीगच्या ३८ सामन्यांत २२ पराभव, १७ वा क्रमांक. तुमच्या मुलाचा राग इथला आहे, आणि तो खरा आहे.

मग २१ मे २०२५ ची बिल्बाओमधली युरोपा लीग फायनल. आपल्याकडं मध्यरात्रीचे साडेबारा वाजले होते, तोही जागाच असेल. मँचेस्टर युनायटेडविरुद्ध ४२ व्या मिनिटाला ब्रेनन जॉन्सनचा गोल झाला, आणि उत्तरार्धात त्याच कोचनी टीमला खाली ओढून, माणसं गोलपुढं दाटीनं उभी करून १-० टिकवला. वर्षभर सहसा जे करत नव्हते ते त्या रात्री केलं. क्लबला २००८ नंतर पहिला कप मिळाला.

संचालकांनी लीगमधली कामगिरी बघून निर्णय घेतला. मी संचालकांच्या जागी असतो तर कोचला ठेवलं असतं, कारण पद्धतीला मुरड घालायची त्यांची तयारी त्या रात्री दिसली होती. पण यावर दोन मतं असू शकतात, आणि तुमच्या मुलाचं मत माझ्यापेक्षा वेगळं असलं तरी चालेल.

त्याला ती फायनल पुन्हा दाखवा. गोल त्याला पाठ असेल. या वेळी फक्त उत्तरार्ध लावा, आणि युनायटेडकडं बॉल असताना टॉटनहॅमचे किती जण बॉलच्या मागं आहेत ते मोजायला सांगा. मिकी व्हॅन डे व्हेननं गोलरेषेवरून हवेत पाय उचलून बॉल काढला, तिथं थांबवून पुन्हा मोजू दे. मग काय वाटलं ते मला कळवा. पण पत्र त्यानंच लिहावं, आईच्या हातचं नको.