नातवंडांना छोट्या होडीतून तलावावर मासे पकडायला न्यायचंय. तयारी कशी करू?

तुम्ही विचारलंय की काठ्या किती लांबीच्या घ्याव्यात, आमिष काय लावावं, निघावं कधी आणि आधी कोणाला शिकवावं. सोबत लिहिलंय की तुमचं वय ६७, नात ९ वर्षांची, नातू ६ वर्षांचा; होडी १२ फूट लांब, साडेचार फूट रुंद आणि मागे छोटी मोटर. होडीत तुम्ही आणि दोन्ही नातवंडं असणार, मुलगी आणि आजी काठावर बसणार. काठ्या-आमिषाचं सांगतेच, पण त्याआधी ही बसायची व्यवस्था बदला. मुलीला होडीत घ्या, एका नातवंडाला काठावर आजीजवळ ठेवा आणि फेऱ्या दोन करा.

मूल पाण्यात पडलं तर काय करायचं, याचा विचार प्रत्येक आजी-आजोबा करून ठेवतात. आपण स्वतः पडलो तर काय, हा विचार मात्र राहून जातो. मोटरची दोरी जोरात ओढताना तोल जातो. अडकलेली गरी (गळाचा आकडा) सोडवायला वाकलं की तोल जातो. उन्हात भोवळ येते, छातीत कळ येऊ शकते. अशा वेळी होडीत उरतात दोन लहान मुलं आणि कदाचित चालू असलेली मोटर. मीही नातवंडांना घेऊन तलावावर जाते, आणि होडी काठाला लावता येणारा दुसरा मोठा माणूस बरोबर नसेल तर त्या दिवशी आम्ही काठावरूनच गळ टाकतो. तुमच्या मुलीला आदल्या दिवशी मोटर चालू-बंद करायला आणि वल्ही मारायला शिकवा. सरळ रेषेत होडी नेता आली तरी पुरे.

मग चौघंही एकदमच का नको? होडीवर क्षमतेची पाटी असेल तर त्यावर माणसांचा आकडा आणि एकूण वजन दोन्ही असतं. जी मर्यादा आधी गाठली जाईल ती खरी. पाटी नसेल तर साध्या होडीसाठी एक ढोबळ हिशेब आहे: लांबी आणि रुंदी फुटांत मोजून गुणाकार करायचा आणि त्याला १५ ने भागायचं. तुमच्या होडीचे १२ गुणिले साडेचार म्हणजे ५४, भागिले १५ म्हणजे ३.६. अपूर्णांक सोडून द्यायचा. तीन माणसं, आणि तीही शांत पाण्यात. पोरं वजनाने हलकी म्हणून त्यांना अर्धं माणूस धरू नका. मासा वर आला की दोघंही एकाच बाजूला धावतात, आणि छोटी होडी बहुतेक वेळा अशीच उलटते.

लाइफ जॅकेट वजनाच्या मापाने घ्यायचं असतं, वयाच्या नाही. ते माप आतल्या बाजूला छापलेलं असतं. मुलाला ते घालून सगळे पट्टे आवळा आणि खांद्यांपाशी धरून जॅकेट सरळ वर उचला. हनुवटी आणि कान आत बुडायला लागले तर जॅकेट मोठं आहे, पाण्यात ते डोक्यावरून निघून जाईल. सहा वर्षांच्या नातवासाठी मानेमागे उशी असलेलं आणि दोन पायांमधून पट्टा जाणारं बघा. पुढच्या वर्षीही होईल म्हणून सैल घेऊ नका. फुगवायचं जॅकेट मुलांना चालत नाही, आणि दंडातले फुगे किंवा हवेची ट्यूब म्हणजे जॅकेट नव्हे. जॅकेट पाण्याजवळ पोचल्याबरोबर अंगात चढलं पाहिजे, काठावर थांबणाऱ्या नातवंडाच्याही.

तुमच्याही अंगात ते हवंच. मला पोहता येतं, हे उत्तर इथे पुरत नाही. पाणी थंड असलं की पडल्या क्षणी माणूस आपोआप जोरात श्वास आत ओढतो. तो आवरणं हातात नसतं, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असलं तर पोहणं सुरूच होत नाही. मोटरच्या किल स्विचची दोरी मनगटाला किंवा जॅकेटला अडकवा. तुम्ही होडीबाहेर गेलात की मोटर तिथेच बंद पडते.

निघण्याआधी कमरेएवढ्या पाण्यात, काठाजवळ, अर्धा तास फक्त सराव करा. मुलांना हा भाग फार आवडतो. जॅकेट घालून पाठीवर तरंगायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे, शिट्टी वाजवायची. होडी उलटली तरी होडीलाच धरून राहायचं, काठ कितीही जवळ दिसला तरी तिकडे पोहत सुटायचं नाही. उलटी होडी लांबूनही दिसते, पाण्यातलं डोकं दिसत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं: आजोबा पडले तर कोणीही त्यांच्यामागे उडी मारायची नाही. मोटर बंद आहे ना ते बघायचं, दोरी बांधलेली तरंगती उशी त्यांच्याकडे फेकायची, शिट्टी वाजवत राहायचं. हे नातीच्या तोंडून वदवून घ्या. ९ वर्षांच्या मुलीच्या लक्षात हे सगळं नीट राहतं, आणि आपल्यावर काहीतरी सोपवलंय याने ती होडीत जास्त शांत बसते.

परत होडीत कसं चढायचं, तेही त्याच उथळ पाण्यात करून बघा. बाजूने चढायला गेलं तर होडी अंगावर येते. मागच्या टोकाकडून, मोटर बंद करून, तिच्या एका बाजूने चढायचं. आपल्या वयात हाताच्या जोरावर अंग वर खेचणं अवघड जातं, म्हणून मागे दोरीची छोटी शिडी किंवा पाय ठेवता येईल असा दोरीचा फास बांधून ठेवा. तरीही जमलं नाही तर होडी धरून तरंगत राहायचं आणि मुलीने वल्ही मारून सगळ्यांना काठाकडे न्यायचं.

वेळेचं उत्तर सोपं आहे: सकाळी. उजाडल्यावर वारा बहुतेक पडलेला असतो, मासे उथळ पाण्यात खायला आलेले असतात, ऊन सौम्य असतं. दिवस चढतो तसा वारा उठतो. तलावावरच्या लाटा आखूड आणि उभ्या असतात, बुटक्या कडांच्या होडीत पाणी लगेच आत येतं. जाताना वाऱ्याच्या तोंडाकडे जा, म्हणजे दमलेली मुलं घेऊन परतताना वारा पाठीशी असेल. मोटर रुसली तरी तो तुम्हाला काठाकडेच ढकलेल. मेघगर्जना ऐकू आली की गळ गुंडाळून थेट काठ गाठायचा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यावर जायचं नाही. कार्बनच्या काठ्यांमधून वीज वाहते, त्या तेव्हा आधी आडव्या करून ठेवा.

पहिल्या दिवशी एक फेरी एका तासाची, फार तर सव्वा तासाची. सहा वर्षांच्या मुलाला लघवीला लागतेच आणि होडीत त्यासाठी उभं राहायचं नाही, म्हणून काठ दहा मिनिटांच्या अंतरावर हवा. तसंही माशांसाठी खोल मधोमध जावं लागत नाही. पाणवनस्पतींची कड, पाण्यात पडलेलं झाड, सावली, ओढा येऊन मिळतो ती जागा, उथळ पाणी एकदम खोल होतं ती जागा, हे सगळं काठापासून जवळच असतं.

नांगर होडीच्या पुढच्या टोकाला बांधा. मागे बांधलात तर मोटरच्या वजनाने आधीच खाली असलेली बाजू लाटेखाली जाते आणि होडी भरते. शांत पाण्यातसुद्धा दोरी खोलीच्या निदान पाचपट सोडायची. जागेवर पोचल्यावर मोटर बंद.

आता काठ्या. मुलांना चार ते पाच फुटांची हलकी काठी आणि बंद तोंडाचं, बटण दाबून सोडायचं रीळ द्या. तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, तीन किलो वजन पेलणारा पुरतो. छोटी गरी, त्यावर गांडुळाचा छोटासा तुकडा, वीतभर वर एक छोटं वजन आणि वर रंगीत फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण. अख्खं गांडूळ लावलं तर मासे टोकं कुरतडून पसार होतात. वजन म्हणून शिशाच्या गोळ्या मुलांच्या हातात देऊ नका, शिसं विषारी असतं. दाताने आवळायची अनेकांना सवय असते आणि मुलं तेच बघून करतात. कथील किंवा पोलादाची वजनं मिळतात, ती घ्या.

गरीच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. दोरा ताणून धरला तर मासा सहसा सुटत नाही, आणि गरी माशाच्या ओठातून असो वा मुलाच्या बोटातून, अलगद निघते. होडीत गळ भिरकावून टाकायचा खेळ नको. बाजूला सरळ खाली सोडायचा, फ्लोट दोन हातांवर तरंगत ठेवायचा. एक मूल मधल्या फळीवर, दोन मोठे पुढे आणि मागे. मुलाची काठी एका बाजूला, तुमची दुसऱ्या. तुमची काठी न्यायचीच का, हाही प्रश्न आहे. मी नेत नाही, हात मोकळे लागतात. सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मा हवा. पोलरॉइड काचेतून पाण्यातलं दिसतं म्हणून मुलं तो आनंदाने घालतात, आणि गरीपासून डोळा वाचतो. गरी डोळ्याला लागली तर ती ओढायची नाही, डोळा चोळायचा नाही. वर दाब न देता झाकून तडक दवाखान्यात.

मुलांना गप्प बसवू नका. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून बहुतेक परत फिरतो, गप्पांनी मासे पळत नाहीत. डबा होडीच्या तळावर आपटला, पाय आपटले, तर ती धडधड मात्र थेट पाण्यात जाते आणि माशाला ती कानाने आणि अंगाच्या कडेच्या रेषेनेही कळते. तळाला जुनी सतरंजी अंथरा आणि बोलू द्या त्यांना.

फ्लोट आधी नुसता थरथरतो, मग थोडा सरकतो. तेव्हाच मूल काठी झटकतं आणि रिकामी गरी वर येते. त्याला सांगा, फ्लोट पूर्ण खाली जाऊन दिसेनासा होऊ दे, मग मनगट उचल. तुम्ही त्याच्या हातातून काठी घेऊ नका. मासा सुटला तरी चालेल. दुसऱ्याने ओढून दिलेला मासा मुलाला आपला वाटत नाही, हे मी माझ्या नातवंडांच्या तोंडावर पाहिलंय.

मासा हातात घेण्याआधी हात ओले करा. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याचं रोगांपासून रक्षण करतो, कोरड्या हाताने तो निघतो. कल्ल्यांत बोट घालायचं नाही, पोट दाबायचं नाही. मिश्या असलेल्या माशांच्या पाठीवर आणि बाजूच्या परांत कडक काटे असतात, ते मुलांना पकडू देऊ नका. सोडून द्यायचा असेल तर लगेच सोडा, फोटोसाठी ताटकळू नका. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच. कोमट पाण्यात झटापट केलेल्या माशाला सावरायला मुळात हवाच कमी असते. ठेवायचा असेल तर त्या तलावावर परवाना लागतो का, कोणत्या मापाखालचे मासे सोडावे लागतात, विणीच्या काळात बंदी आहे का, हे आधी विचारून घ्या.

बाकी सामान थोडकंच: पिण्याचं पाणी, खाऊ, टोप्या, पूर्ण बाह्यांचे कपडे, पाण्यावरून परावर्तित होणाऱ्या उन्हासाठी सनस्क्रीन (दर दोन तासांनी पुन्हा), पाणी उपसायला डबा, कात्री, प्रथमोपचाराची पेटी, जलरोधक पिशवीत फोन, कोरड्या कपड्यांचा एक जोड काठावर. तुमची रोजची औषधं खिशात ठेवा आणि कोणती कशासाठी ते मुलीला सांगून ठेवा. आजीला सांगा, आम्ही अमुक बाजूला असू आणि अमुक वाजता परत येऊ. आलो नाही तर कोणाला फोन करायचा तो नंबर तिच्याजवळ हवा. काठावर थांबलेल्या नातवंडालाही काठी द्या. वाट बघत बसायला लावलं तर रुसवा नक्की, आणि खरं तर पहिला मासा बऱ्याचदा काठावरच लागतो.

आधी कोणाला शिकवावं, असंही विचारलंत, म्हणजे आता पहिल्या फेरीत कोणाला न्यावं. धाकट्याला. त्या वेळी वारा सगळ्यात कमी असतो, आणि तासभर थांबणं नातीला जमेल, त्याला नाही. नातीच्या फेरीआधी पाणी पुन्हा बघा. लाटांचे माथे पांढरे दिसायला लागले असतील तर तिची फेरी दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली ठेवा, आणि हे असं होऊ शकतं ते तिला आदल्या रात्रीच सांगून ठेवा.