बेळगावातल्या लग्नात ७० वर्षांच्या वडिलांनी सुटावर टाय बांधावा की उपरणं घ्यावं?

सुटावर टायच बांधा, पण आधी शर्टाची कॉलर बघा. मी बेळगावातल्याच शहापुरात शिंपीकाम करतो. वय वाढलं की मान बारीक होते आणि जुनी कॉलर सैल पडते, हे मापं घेताना नेहमी दिसतं. अशा कॉलरवर कितीही भारी टाय केविलवाणा दिसतो. बटण लावल्यावर आत दोन बोटं जेमतेम सरकावीत, जास्त ढिली असेल तर नवा शर्ट शिवाच. टाय ७-८ सेंटिमीटर रुंद, गर्द निळा किंवा मरून, चकाकी नसलेला. गाठ साधी एकेरी; विंडसर गाठ (दोन्ही बाजूंनी वेढे देऊन बांधलेली) जाड होते आणि लांबी खाते, मग पोट असलेल्या माणसाचा टाय पट्ट्याच्या बकलापर्यंत पोचतच नाही. डिसेंबरात संध्याकाळचं रिसेप्शन उघड्या लॉनवर असेल तर कोटाच्या आत लोकरी मफलर घेऊ द्या, आपल्याकडची थंडी बोचते. मात्र ते एरवी धोतर-नेहरू शर्टातच वावरत असतील तर सुटाचा आग्रह सोडा. काठाचं रेशमी उपरणं त्यांना जास्त रुबाब देईल.