मुलगा गृहपाठ रोज रात्रीवर ढकलतो, काय करावं?

तुमचा मुलगा ९ वर्षांचा आहे. शाळेतून आल्यापासून "करतो, करतो" म्हणत गृहपाठ झोपायच्या वेळेपर्यंत लांबवतो, मग रडारड होते आणि शेवटी तुम्हीच निम्मं लिहून देता, असं तुम्ही विचारलंय. तो आळशी आहे का, हाही तुमचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. नाही, बहुधा तो आळशी नाही. खेळणी जोडायला तोच मुलगा तासभर मान खाली घालून बसत असेल, बघा.

माझ्या लेकाचंही असंच होतं. वही काढली की तहान लागायची. पाणी पिऊन झालं की पेन्सिलीला टोक करायचं, ते मोडायचं, पुन्हा करायचं. मी वर्षभर ओरडले. मग एकदा लक्षात आलं की गणिताची वही तो मुकाट्याने उघडतो, ही सगळी नाटकं फक्त निबंधाच्या दिवशी होतात. त्या संध्याकाळी "बस लिहायला" म्हणण्याऐवजी मी शेजारी बसून विचारलं, "यातलं सगळ्यात नकोसं काय वाटतंय?" बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, "पहिलं वाक्य." पहिलं वाक्य चुकलं की तो खोडायचा, पुन्हा लिहायचा, पुन्हा खोडायचा. त्या पानाला भोक पडलं होतं. ते भोक मी आधीही पाहिलं होतं आणि त्यावरूनही रागावले होते.

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ टिमोथी पिचिल आणि त्यांच्याबरोबर काम केलेल्या फ्यूशिया सिरॉय यांनी २०१३ मध्ये हेच मांडलं. माणूस काम टाळतो तेव्हा खरं तर त्या कामासोबत येणारी नकोशी भावना टाळत असतो. कंटाळा, भीती, "मला जमणार नाही"ची लाज. काम पुढे ढकललं की त्या क्षणी हायसं वाटतं, आणि तेवढ्या सुटकेसाठी मन पुन्हा तीच वाट धरतं. आता यात आपलं ओरडणं मिसळून बघा. वहीला आधीच चिकटलेल्या भीतीत आणखी एक भीती वाढते, आणि वही अजून लांब जाते. म्हणून वेळापत्रक, टेबल, दिवा यांच्या आधी एवढंच शोधा की तो नेमकं काय टाळतोय. "का करत नाहीस?" असं विचारलंत तर उत्तर येणार नाही, कारण ते त्यालाही माहीत नसतं. "कुठे अडतं?" असं विचारा, आणि वही उघडून बोटाने दाखवायला सांगा.

आमच्याकडे अडायचं सुरुवातीला, म्हणून आम्ही सुरुवातच बदलली. तो तोंडी सांगायचा, मी एका पाठकोऱ्या कागदावर नुसते शब्द टिपायचे. वाक्यं नाहीत, शुद्धलेखन नाही. पाचसहा शब्द जमले की तो कागद स्वतःकडे ओढायचा. काही आठवड्यांनी माझी गरज उरली नाही. तुमच्याकडे पाढे अडत असतील किंवा प्रश्नच कळत नसेल, तर उपाय वेगळा निघेल. पण पहिली पायरी इतकी लहान हवी की तिला घाबरावंसं वाटू नये. "एकच गणित सोडव, मग बघू" किंवा "फक्त तारीख आणि शीर्षक लिही." एकदा हात चालू झाला की पुष्कळदा तो चालत राहतो. नाही चालला, तर पाच मिनिटांनी उठू द्या. दिलेला शब्द मात्र पाळा. "पाचच मिनिटं" म्हणून अर्धा तास बसवलंत, तर पुढच्या वेळी तो विश्वास ठेवणार नाही.

दुसरी गोष्ट वेळेच्या अंदाजाची. यात मोठेही फसतात. १९९४ मध्ये रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी अंदाज ३४ दिवसांचा होता, लागले सुमारे ५५. लहान मुलं मोठ्या प्रकल्पाबाबत तशीच फसतात, पण रोजच्या छोट्या गृहपाठाबाबत माझ्या लेकाची चूक बरोबर उलटी होती. दहा गणितं त्याला "तासभराची" वाटायची. एकदा घड्याळ लावलं, ११ मिनिटं निघाली. तो थक्क झाला! मग आम्ही वहीच्या मागच्या पानावर अंदाज आणि खरी वेळ लिहायला लागलो. घड्याळ शर्यतीसाठी वापरू नका हं, नुसतं मोजण्यासाठी. घाई झाली की भीती परत येते.

वेळ ठरवताना "संध्याकाळी करायचा" एवढं पुरत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांचं काम सांगतं की "अमुक झालं की तमुक करायचं" अशी गाठ आधीच मारून ठेवली तर ठरवलेलं हातून होण्याची शक्यता वाढते. "खेळून आलो, हातपाय धुतले, की वही टेबलावर उघडायची." ही गाठ त्याला स्वतःला ठरवू द्या. खेळाआधी की नंतर, हे त्याने ठरवलं तर निम्मा वाद तिथेच मिटतो.

बक्षिसांबद्दल मी जरा सावध आहे. स्टिकरचा तक्ता आम्हीही लावला होता. महिनाभर चालला, मग "आज दोन देशील का?" अशी घासाघीस सुरू झाली. १९७३ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या लहान मुलांना आधी कबूल करून बक्षीस दिलं, तर नंतर मोकळ्या वेळात ती मुलं कमी चित्रं काढू लागली. गृहपाठाची आवड मुळात नसतेच म्हणा, म्हणून तो निष्कर्ष इथे जसाच्या तसा लागू होत नाही. तरी मला बक्षिसापेक्षा "आज तू स्वतःहून वही उघडलीस, मी पाहिलं" हे वाक्य जास्त टिकलेलं दिसलं.

आणि एकदा गृहपाठही तपासा. अमेरिकेत इयत्तेमागे १० मिनिटं, म्हणजे चौथीला साधारण ४० मिनिटं, असा ढोबळ नियम सांगतात. तुमचा मुलगा मन लावून बसूनही रोज दीड-दोन तास घेत असेल, तर गोष्ट टाळाटाळीची नाही. शिक्षकांशी बोला. वाचताना ओळ सुटते का, अक्षरं उलटसुलट होतात का, फळा नीट दिसतो का, आवडीच्या कामातही लक्ष टिकत नाही का, हे पाहा. तसं काही जाणवलं तर डोळे तपासून घ्या, बालरोगतज्ज्ञांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना विचारा. अशा मुलाला शिस्त लावत बसण्यात वर्षं वाया जातात, आणि ती वर्षं त्याची असतात.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, रात्री दहाला वही निघाली तर तुम्ही लिहून द्यावं का. नका देऊ. पण उपदेशही नको, त्या वेळी तो थकलेला असतो आणि तुम्हीही. वही दप्तरात ठेवा आणि त्याला झोपवा. शिक्षकांना आधीच सांगून ठेवा की आम्ही ही सवय बदलतोय, काही दिवस गृहपाठ अपुरा येईल, पण जेवढा येईल तेवढा त्याच्याच हातचा असेल. मी हे सांगितलं तेव्हा बाईंनी पहिल्या अपुऱ्या वहीवर "इतकं छान झालंय, उरलेलं उद्या" असं लिहून पाठवलं. ती वही त्याने मला दाराशीच उघडून दाखवली.