दुकान कायद्यात बसतं. पाटी आणि कागद बसवून घ्या

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका गल्लीतून एका ताईंचं पत्र आलंय. वडिलांचं वह्या-पुस्तकांचं दुकान भाड्याच्या गाळ्यात चाळीसेक वर्षं चाललं. ते गेल्यावर गिऱ्हाईक तुटलं, तेव्हा डी. फार्म. झालेल्या या ताईंनी त्याच गाळ्यात लैंगिक आरोग्याच्या वस्तूंचं दुकान सुरू केलं. निरोध, ल्युब्रिकंट, मेन्स्ट्रुअल कप, प्रेग्नन्सी किट, मसाजर, काही स्प्रे आणि आयुर्वेदिक कॅप्सूल असा माल. आता गल्लीतल्या बेचाळीस जणांनी सह्या करून पोलीस ठाण्यात अर्ज दिलाय. दोन पोलीस येऊन मसाजरचे पाच डबे उचलून घेऊन गेले, कागद काही दिला नाही. घरमालक आप्पा म्हणतात, महिनाअखेर गाळा खाली कर, नाहीतर लाइट तोडतो. मंडळाची मुलं म्हणतात, गणपतीच्या आत शटर खाली पाहिजे. ताई विचारतात, ‘मी गुन्हा करतेय का?’

नाही ताई. असं दुकान चालवू नये असं सांगणारा कायदा नाही. धंद्याचा हक्क घटनेच्या कलम 19(1)(छ) ने दिलाय आणि तो सह्या गोळा करून काढून घेता येत नाही. पण तुमच्या पत्रासोबतचा दुकानाचा फोटो बघितला आणि मला काळजी वाटली. ती दुकानाची नाही, पाटीची.

आधी अश्लीलतेचं बघू, कारण लोक तेच पुढं करणार. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचं कलम 292 आता भारतीय न्याय संहितेत 294 झालंय. त्यात पुस्तक, चित्र यांच्याबरोबर ‘वस्तू’ही येते, म्हणून पोलीस ते लावायचा प्रयत्न करू शकतात. मात्र 1965 साली सर्वोच्च न्यायालय जी जुनी इंग्रजी कसोटी (कच्च्या मनाचा माणूस त्याने बिघडेल का, असं बघणारी) वापरत होतं, ती 2014 च्या निकालाने मागे पडली. आता वस्तू एकूण कशी आहे आणि आजच्या समाजाच्या मापाने ती केवळ वासना चाळवण्यासाठी आहे का, हे बघायचं. आजचा समाज म्हणजे अर्जावर सह्या करणारे तेवढेच नव्हेत. तुमच्या गल्लीत आज दवाखाने आहेत, क्लास आहेत, बाहेरगावच्या पोरापोरींची होस्टेलं आहेत, नवी लग्न झालेली जोडपी भाड्याने राहतात. तीही समाजच.

मसाजरबद्दल तर मुंबई उच्च न्यायालयाचा मार्च 2024 चा निकाल तुमच्या बाजूने आहे. कस्टमने बॉडी मसाजर अडवले होते. त्यांचा लैंगिक वापर होऊ शकतो, म्हणून ते अश्लील, असं कस्टमचं म्हणणं. न्यायालयाने ते मानलं नाही. तरी एक सांगतो: शरीराच्या अवयवाच्या आकाराची वस्तू आणि साधा मसाजर यांत न्यायालय फरक करू शकतं. पहिल्या प्रकारचा माल तुमच्याकडे असेल, तर सध्या ठेवू नका. काचेत तर नाहीच.

याच प्रांतात र. धों. कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. पुढं त्यांच्या मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले आणि 1934 च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. तो खटला ते हरले. 1968 पासून मात्र खुद्द सरकार निरोध किराणा दुकानांतून, तीन नग पंधरा पैशांना, विकायला लागलं. आज निरोधावर जीएसटीसुद्धा नाही. हा माल गल्लीत नको म्हणणाऱ्यांना हे शांतपणे सांगा, वाद घालू नका.

आता पाटी. तुमच्या बोर्डावर लाल अक्षरांत लिहिलंय, ‘टायमिंग वाढवा, जोश परत मिळवा’. खाली कॅप्सूलचं नाव आणि बाईचा अर्धा उघडा फोटो. ताई, तुमच्या दुकानात गुन्हा म्हणण्यासारखं उघड दिसणारं काही असेल, तर ते आधी इथं आहे. 1954 च्या औषधी व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याचं कलम 3 लैंगिक सुखाची क्षमता वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधाच्या जाहिरातीला बंदी घालतं. आयुर्वेदिक असलं तरी सुटका नाही. ‘औषध’ शब्दाची व्याख्याही त्यात मोठी आहे आणि दुकानावरची पाटीही जाहिरातच धरली जाते. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. फोटोसाठी 1986 चा स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा कायदा वेगळा. हे पत्र वाचून झालं की आधी बोर्ड उतरवा. नवा बोर्ड देवनागरीत करा, मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत, हीसुद्धा राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्याची अट आहे. दुकानाचं नाव आणि ‘लैंगिक आरोग्य साहित्य’ एवढं पुरे. काचेला दुधी फिल्म लावा.

स्प्रेचा डबा उलटा करून बघा. मागं लिडोकेन (बधिर करणारं द्रव्य) लिहिलेलं दिसलं तर ते औषध आहे आणि औषधविक्रीचा परवाना नसताना ते विकणं म्हणजे औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम 27 खाली किमान तीन वर्षांची कैद आणि किमान एक लाख दंड. सिल्डेनाफिलची (व्हायग्रातल्या औषधाची) गोळी तर डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय कुठल्याच दुकानात विकता येत नाही. परवाना येईपर्यंत हा माल कंपनीला परत पाठवा. तुम्ही फार्मासिस्ट आहात, फार्मसी कौन्सिलची नोंदणी चालू असेल आणि गाळा 10 चौरस मीटरचा भरत असेल, तर हा परवाना तुम्हाला मिळू शकतो. तो घ्याच. कॅप्सूलचं पक्कं बिल नसेल तर त्याही काढा, कारण ‘आयुर्वेदिक’ नावाखाली ॲलोपॅथीची पावडर मिसळलेला माल बाजारात फिरतो आणि तपासणीत सापडतो तो दुकानदार. बाकी वस्तूंची यादी करून अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात द्या आणि कशाला नोंदणी लागते ते लेखी विचारा. पोचेचा शिक्का घ्या.

कागदाचा एवढा आग्रह का, तर गोव्यातल्या कळंगुटचं उदाहरण बघा. 2021 साली तिथं असं दुकान उघडलं आणि महिनाभरात बंद पडलं. तक्रारी नीतिमत्तेच्या होत्या, पण पंचायतीने बोट ठेवलं ते परवान्यावर. महापालिकेचा व्यवसाय परवाना, दुकानाची नोंद, बोर्डाची परवानगी हे सगळं एका फाइलमध्ये गल्ल्याखाली असू द्या.

आप्पांचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. वडील गेले तेव्हा तुम्ही त्यांच्याबरोबर दुकानात बसत होता, असं तुम्ही लिहिलंय. तेव्हा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 प्रमाणे भाडेकरूपण तुमच्याकडे येतं. पावती अजून वडिलांच्या नावावर निघते, ती तुमच्या नावावर करण्यासाठी पत्र द्या आणि भाडं बँकेतूनच भरा. आप्पा घेत नसतील तर चेक स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. एकही महिना चुकू देऊ नका.

धंदा बदलला म्हणून गाळा जाईल, ही भीतीही फार धरू नका. सायकल-रिक्षा दुरुस्तीच्या गाळ्यात भाडेकरूने टीव्ही विकले, म्हणून त्याला काढायचं प्रकरण 1989 साली सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. न्यायालयाने भाडेकरूला काढलं नाही. मात्र जुन्या भाडेचिठ्ठीत ‘फक्त स्टेशनरी’ असं स्पष्ट लिहिलं असेल तर बाजू कमकुवत होते, म्हणून ती चिठ्ठी शोधून मला दाखवा. ‘अनैतिक वापर’ हे कारण भाडे कायद्याच्या कलम 16 मध्ये आहे खरं, पण त्यासाठी न्यायालयात दोष सिद्ध झालेला लागतो. आप्पांना किंवा गल्लीला वाटून भागत नाही.

पोलिसांनी नेलेले डबे तसेच सोडून देऊ नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत जप्तीची यादी, साक्षीदारांच्या सह्या आणि कलम 105 प्रमाणे व्हिडिओ चित्रीकरण सांगितलंय. ठाणे अंमलदारांना साधा अर्ज द्या, ‘अमुक तारखेला अमुक माल नेला, जप्ती पंचनाम्याची प्रत मिळावी’. प्रत पोलीस अधीक्षकांना. उत्तर आलं नाही तर कलम 503 खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे माल परत मागता येतो. गुन्हा दाखल झालाच तर न्याय संहितेचं कलम 294 जामीनपात्र आहे, रात्र कोठडीत जाईल या धास्तीने कुठल्या कोऱ्या कागदावर सही करू नका. उच्च न्यायालयात जायची वेळ आली, तरी आता मुंबईची रात्रीची गाडी पकडायला नको. ऑगस्ट 2025 पासून सर्किट बेंच इथंच बसतं.

मंडळाच्या मुलांशी मात्र नोटिशीने बोलू नका. त्यातली निम्मी तुमच्या वडिलांच्या दुकानातून वह्या नेऊन शिकलीत. जुन्या पदाधिकाऱ्यांपैकी एकदोघांना आणि एखाद्या काकूंना नव्या बोर्डासह दुकान दाखवा. अठरा वर्षांखालच्या मुलांना मसाजर-स्प्रे देत नाही, हे तोंडाने सांगा आणि दारावर लिहा. क्लास सुटायच्या वेळी दारात गर्दी होत असेल, तर तो अर्धा तास मदतनीस बाहेर उभा ठेवा. एवढं जरूर करा. वर्गणी मागितली तर दरवर्षीची द्या. ‘दुकान चालू द्यायचं’ म्हणून वेगळे पैसे मागितले, तर ती खंडणी आहे आणि तिची तक्रार होते.

आप्पांनी लाइट तोडली, तर त्याच दिवशी मीटरचा फोटो काढा आणि मला फोन करा. भाडे कायद्याच्या कलम 29 खाली वीज जोडून देण्याचा आदेश मागता येतो, आणि तो अर्ज मी स्वतः लिहून देईन.