गाडी पोर्चमध्ये ठोकली गेली, दोन वर्षं ईमेलमध्ये गेली

कोल्हापूरच्या एका वाचकांचं पत्र आहे. आईचा पंच्याहत्तरावा वाढदिवस म्हणून सगळं कुटुंब मुंबईला गेलं आणि दक्षिण मुंबईतल्या एका पंचतारांकित हॉटेलात दोन रात्री राहिलं. १० फेब्रुवारी २०२४ ला सकाळी बिल चुकतं करून निघताना हॉटेलच्या माणसाने पोर्चमध्ये आणून उभी केलेली ब्रेझा मागच्या डाव्या दारापासून बंपरपर्यंत चेपलेली होती. दुरुस्तीला १ लाख १२ हजार रुपये गेले. हॉटेलने ‘चौकशी चालू आहे’ म्हणत म्हणत पावणेदोन वर्षं काढली आणि गेल्या नोव्हेंबरात कळवून टाकलं, की पार्किंगच्या टोकनवर ‘वाहन मालकाच्या जोखमीवर’ असं छापलेलं आहे, भरपाई मिळणार नाही. वाचक विचारतात, त्या ओळीमुळे आमचा दावा बुडाला का?

त्या ओळीने बुडालेला नाही. बुडाला तर तो दुसऱ्याच गोष्टीने बुडेल, आणि तिच्याबद्दल तुमच्या तीन पानी पत्रात एकही प्रश्न नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, कलम ६९: दाव्याचं कारण घडलं त्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हायला हवी. तुमची गाडी चेपलेल्या अवस्थेत हाती आली १० फेब्रुवारी २०२४ ला. म्हणजे मंगळवार, १० फेब्रुवारी २०२६ च्या आत तुमची तक्रार ग्राहक आयोगाकडे गेलेली असली पाहिजे. आज जानेवारीचा मध्य आहे. बाकी सगळं नंतर.

तुम्ही लिहिता, की हॉटेलने नकार नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला, त्यामुळे नोव्हेंबर २०२७ पर्यंत वेळ आहे असं एका मित्राने सांगितलं. हा समज मला इतक्या पत्रांत भेटतो, की आता त्याचा राग येतो. समोरच्याने उत्तर द्यायला उशीर केला म्हणून मुदत आपोआप पुढे सरकत नाही. कंदिमल्ला राघवय्या विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स या प्रकरणात मालाला आग लागली होती १९८८ मध्ये, ग्राहक तक्रार झाली १९९७ मध्ये. मधल्या पत्रव्यवहाराच्या आधारावर मुदत ताजी झाली असं म्हणणं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ते मान्य केलं नाही; नोटिशीला आलेल्या उत्तराने मेलेली मुदत जिवंत होत नाही, असा त्याचा सरळ अर्थ. काही आयोग नकाराची तारीख धरतात, विशेषतः विम्याच्या दाव्यांत, हे खरं आहे. तुमच्या बाबतीत धरतीलही. पण हातात जवळजवळ चार आठवडे शिल्लक असताना त्या ‘धरतीलही’वर विसंबून राहायचं काय कारण?

कलम ६९ मध्येच उशीर माफ करण्याची सोय आहे, हेही खरं. मात्र त्यासाठी वेगळा अर्ज, प्रत्येक दिवसाचं पटेल असं कारण, त्यावर हॉटेलच्या वकिलाची हरकत आणि आयोगाने कारणं नोंदवून दिलेला आदेश एवढं सगळं लागतं. मूळ गाडीचा विषय निघण्याआधीच वर्ष जातं. शिवाय ‘हॉटेल ईमेलला गोड उत्तरं देत होतं’ हे कारण पुरेसं मानलं जाईल, अशी खात्री मी देणार नाही.

आणखी एक गैरसमज इथेच मोडून टाकते. तक्रारीआधी वकिलाची नोटीस पाठवलीच पाहिजे आणि पंधरा दिवस थांबलंच पाहिजे, असं या कायद्यात कुठेही नाही. तुमचा सगळा पत्रव्यवहार हीच नोटीस आहे. आता नोटिशीच्या मसुद्यात एक आठवडा घालवलात तर तो तुमचाच आठवडा असेल.

आता टोकनची ओळ. तुमच्या पत्राचा मोठा भाग तिच्यावर गेला आहे आणि तिने तुम्हाला घाबरवलंही आहे, म्हणून नीट सांगते. १ ऑगस्ट १९९८ च्या रात्री दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात एका गृहस्थांनी आपली मारुती झेन व्हॅलेच्या, म्हणजे गाडी पार्क करून परत आणून देणाऱ्या हॉटेलच्या माणसाच्या, ताब्यात दिली होती. टोकन घेतलं, आत गेले, बाहेर येईपर्यंत गाडी चोरीला गेली होती. तिथेही टोकनवर हीच भाषा होती. हॉटेल विरुद्ध विमा कंपनी असं ते भांडण १४ नोव्हेंबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयात संपलं. एका झेनसाठी एकवीस वर्षं! निकाल मात्र तुमच्या कामाचा आहे. गाडी आणि किल्ली हॉटेलच्या माणसाच्या हातात गेली, की ती सुस्थितीत परत करण्याची जबाबदारी हॉटेलवर येते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १५१ प्रमाणे जेवढी काळजी शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तेवढी हॉटेलने घेतली पाहिजे, आणि घेतली होती हे हॉटेलनेच आधी दाखवायचं. स्वतःच्या किंवा आपल्या नोकरांच्या हलगर्जीपणाची जबाबदारी टोकनवर एक ओळ छापून झटकता येत नाही. ती ओळ उपयोगाला येते ती हॉटेलने आपली निष्काळजी नव्हती हे सिद्ध केल्यानंतर. गाडी कुठे ठोकली गेली हेच जे हॉटेल पावणेदोन वर्षांत सांगू शकलं नाही, ते हे कसं सिद्ध करणार?

पण हॉटेलवर जबाबदारी येण्याआधी तुम्हाला एवढं दाखवावं लागेल, की गाडी देताना चांगली होती आणि परत मिळाली तेव्हा चेपलेली होती. इथे तुम्ही स्वतःचं नुकसान करून घेतलं आहे. पोर्चमध्ये व्हॅलेच्या वहीत किंवा टोकनच्या मागे एक ओळ लिहून ड्युटी मॅनेजरची सही घ्यायची होती, ती घेतली नाहीत. पार्किंगच्या सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवा, असं त्याच दिवशी लेखी कळवायचं होतं. तुम्ही ते पहिल्यांदा मागितलंत मे महिन्यात, आणि अशी चित्रणं काही आठवड्यांत पुसली जातात. मॅनेजर तोंडी ‘बघतो सर’ म्हणाला, तुम्ही हमरस्त्याला लागलात. वाढदिवसाच्या सकाळी भांडण नको वाटलं, हे मी समजू शकते. सही मागणं हे भांडण नव्हे, एवढंच तुमच्या जागी उद्या जे असतील त्यांना सांगते.

तुम्हाला वाचवणारी गोष्ट तुमच्या मुलीने केली आहे. त्याच दुपारी १२ वाजून १० मिनिटांनी तिने गेस्ट रिलेशन्सच्या मोबाइलवर चार फोटो टाकले आणि तिकडून ‘खूप वाईट वाटलं, तपासतो’ असं उत्तर आलं. एका फोटोत आजी पोर्चमधल्या खुर्चीवर बसलेल्या दिसतात, मागे हॉटेलचा गणवेशातला माणूस आणि उघडी डिकी. हा फोटो तुमच्या सगळ्या ईमेलांपेक्षा मोलाचा आहे, कारण त्यात गाडी, जागा आणि वेळ एकत्र आहे. ज्या फोनमधून फोटो गेले तो फोन बदलू नका, विकू नका, चॅट पुसू नका. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं दोन भागांचं प्रमाणपत्र तयार करून घ्या. ग्राहक आयोग पुराव्याच्या नियमांत दिवाणी कोर्टाइतका अडकत नाही, पण हॉटेलच्या वकिलाला हरकतीची जागा कशाला ठेवायची? गाडी जाताना धडधाकट होती यासाठी सर्व्हिसिंगची पावती, कोल्हापूरहून निघतानाचा एखादा फोटो, जे असेल ते जोडा. शोरूमचं टॅक्स इनव्हॉइस आणि दुरुस्तीआधीचा अंदाज दोन्ही हवेत. नुसत्या बँकेच्या नोंदीवर रक्कम मिळेलच असं नाही.

विम्याचा दावा तुम्ही केला नाहीत, कारण नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाईल. हजारोंचा बोनस वाचवायला लाखाचा खर्च अंगावर घेतलात! आता विमा कंपनीकडे जाण्यात अर्थ दिसत नाही. गाडी दुरुस्त होऊन गेली, सर्व्हेअरने पाहिलीच नाही. ते दार जवळजवळ बंद झालं असं धरून चाला.

तक्रार कुठे करायची, यासाठी मुंबईला खेटे घालायची गरज नाही. कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार चालते, म्हणजे कोल्हापुरातच. बुकिंगच्या अटींमध्ये ‘फक्त मुंबईच्या न्यायालयांचं अधिकारक्षेत्र’ असं कलम आहे आणि हॉटेल ते पुढे करणार. कायद्याने ग्राहकाला दिलेली सोय अशा छापील अटीने सहसा जात नाही, पण त्यावर थोडा वाद होईल, तयारी ठेवा. जिल्हा आयोगाची मर्यादा सेवेसाठी दिलेल्या मोबदल्यावर ठरते आणि ती ५० लाखांची आहे. ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी नाही. तुमचं बिल ६८ हजारांचं, तेव्हा फी शून्य. अर्ज १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ई-जागृती पोर्टलवर करता येतो. तिथे कागद अपुरे असले, शपथपत्र नसलं, पानांना क्रमांक नसले की त्रुटी निघतात आणि अर्ज परत येतो. म्हणून ९ फेब्रुवारीच्या रात्री बसू नका. जानेवारी संपायच्या आत अर्ज चढवा, म्हणजे त्रुटी दुरुस्त करायला हातात दिवस राहतील.

तक्रार कोणाविरुद्ध, इथे पुष्कळ लोक चुकतात. दारावरच्या पाटीवर ब्रँडचं नाव असतं. इमारतीची मालक कंपनी वेगळी आणि हॉटेल चालवणारी वेगळी, असं मोठ्या हॉटेलांत सर्रास असतं. तुमच्याकडच्या जीएसटी बिलावर बारीक अक्षरात कंपनीचं पूर्ण नाव आणि जीएसटी क्रमांक आहे. ती कंपनी पहिली विरुद्ध पक्षकार. ब्रँडची कंपनी वेगळी निघाली तर तिलाही जोडा. खोली ज्या ॲपवरून घेतली त्याला ओढायचं का? मला गरज दिसत नाही, कारण गाडी ॲपच्या ताब्यात नव्हती.

हॉटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये ‘सद्भावना म्हणून’ पाठवलेलं एका रात्रीच्या मोफत मुक्कामाचं व्हाउचर तुम्ही वापरलेलं नाही, हे बरं झालं. ते ज्या ईमेलसोबत आलं त्यात ‘प्रकरण पूर्णपणे मिटलं’ अशा अर्थाचे शब्द आहेत का, ते शोधा. असोत वा नसोत, व्हाउचर वापरू नका आणि ‘आभारी आहे’ असं एका शब्दानेही उत्तर देऊ नका. ते तडजोड म्हणून स्वीकारलेलं नाही, हे तक्रारीतच स्पष्ट लिहा.

समुद्र दिसणारी खोली कबूल करून अर्धवट समुद्र दिसणारी दिली, ही तक्रार सोडून द्या. त्या वेळी तुम्ही काही बोलला नाहीत, फोटो नाही, आणि त्याने गाडीचा मुद्दा पातळ होतो. वाढदिवसाच्या जेवणावर लावलेल्या दहा टक्के सेवा शुल्काबद्दल मी सावध राहीन. सेवा शुल्क सक्तीने लावू नका, असं सांगणाऱ्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांना त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली होती, आणि तुमचं जेवण झालं ते स्थगितीच्या काळात. २८ मार्च २०२५ ला त्या सूचना वैध ठरल्या, पण त्या निकालाविरुद्ध अपीलही झालं आहे. मागायचं तर एका ओळीत मागा, त्यावर भर देऊ नका.

रक्कम मागताना हात आखडता ठेवा. दुरुस्तीचा खर्च, त्यावर व्याज, गाडी नसताना झालेला पावत्यांसह प्रवासखर्च, आणि मानसिक त्रासाची माफक रक्कम. पत्रात तुम्ही दहा लाखांचा आकडा टाकला आहे; तो पाहून आयोगाचं मन तुमच्याबद्दल कलुषित होण्याचीच शक्यता जास्त. आई अजून म्हणतात, ‘माझ्या हौसेपायी तुम्हाला भुर्दंड पडला,’ हे तुम्ही लिहिलंत ते मला लागलं. त्रास म्हणतात तो हाच. शपथपत्रात हे साध्या शब्दांत येऊ द्या.

किती वेळ लागेल? कायद्यात लिहिलंय, नोटीस मिळाल्यापासून शक्यतो तीन महिन्यांत निकाल. आयोगांत सदस्यांच्या जागा रिकाम्या असतात, तारखांवर तारखा पडतात, आणि तीन महिन्यांची तीन वर्षं होताना मी पाहिलेली आहेत. ही सरकारची लाज आहे, तुमची नव्हे. एका ठिकाणी मात्र कायदा तुमच्या बाजूने कडक आहे. हॉटेलला लेखी म्हणणं मांडायला ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. पंचेचाळिसाव्या दिवसानंतर आयोगालाही वाढवून देता येत नाही, असं पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० ला ठरवलं आहे. हॉटेलला नोटीस कधी पोचली ती तारीख लिहून ठेवा आणि शेहेचाळिसाव्या दिवशी म्हणणं आलं तर लगेच हरकत नोंदवा. दरम्यान मध्यस्थीचा प्रस्ताव आला तर नाकारू नका. दुरुस्तीची पूर्ण रक्कम चेकने मिळत असेल तर मी माझ्या अशिलाला घ्यायला सांगेन.

वकील लावणं सक्तीचं नाही, तुम्ही स्वतः उभे राहू शकता. तरी मसुदा आणि शपथपत्र कोल्हापुरातल्या ग्राहक आयोगात रोज काम करणाऱ्या एखाद्या वकिलाकडून या आठवड्यात तपासून घ्या. त्यांच्यासमोर बसल्यावर टोकनची गोष्ट सांगत बसू नका. पहिल्यांदा १० फेब्रुवारी २०२६ ही तारीख सांगा.