डेलावेअरचा टीव्ही आणि एडिसनची पैठणी

प्रश्न: आम्ही आठ महिन्यांपूर्वी पुण्याहून न्यू जर्सीत, एडिसनला आलो. दिवाळीत इथल्या एका दुकानात पैठणी 240 डॉलर, ब्लाउजपीस 25, पर्स 40 आणि खोटी ठुशी 35 अशी खरेदी केली. 340 डॉलरवर 22.53 डॉलर सेल्स टॅक्स लागला. शेजारीण म्हणते, कपड्यांवर टॅक्स नसतो. नोव्हेंबरात मित्राच्या सांगण्यावरून डेलावेअरला जाऊन टीव्ही आणला, तिथे टॅक्स शून्य. आता ऑफिसातले एक जण म्हणतात, तो टॅक्स न्यू जर्सीला भरावाच लागतो. खरं काय? आईबाबा मे महिन्यात येणार आहेत. त्यांनी केलेल्या खरेदीवरचा टॅक्स विमानतळावर परत मिळतो का?

उत्तर: तुमची शेजारीणही बरोबर आहे आणि ऑफिसातले गृहस्थही. चुकला तो मित्र, पण त्याच्यासारखे इथे घरोघरी सापडतील.

आपल्याला एमआरपीची सवय. पुड्यावर छापलेली किंमत म्हणजे सगळे कर धरून. अमेरिकेत केंद्र सरकारचा सेल्स टॅक्सच नाही, तो राज्यांचा विषय. 45 राज्यांत आणि वॉशिंग्टन डीसीत तो आहे. डेलावेअर, ओरेगन, मोंटाना, न्यू हॅम्पशायर आणि अलास्का या पाच राज्यांत राज्याचा टॅक्स नाही, मात्र अलास्कात गावं आपापला लावतात. बहुतेक ठिकाणी राज्याच्या दरावर काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा), शहराचा, कधी बस-रेल्वेचाही थर चढतो. न्यूयॉर्क शहरातले 8.875 टक्के म्हणजे राज्याचे 4, शहराचे 4.5 आणि लोकल वाहतुकीसाठी 0.375. डलासला राज्याचे 6.25, शहराचा 1 आणि वाहतुकीचा 1 मिळून 8.25. शहराची हद्द आणि झिपकोड जुळतातच असं नाही, म्हणून दर पूर्ण पत्ता घालूनच बघावा. न्यू जर्सीत ही कटकट नाही. 2018 पासून जवळजवळ सगळीकडे 6.625 टक्के, वर स्थानिक थर नाही. जर्सी सिटी, एलिझाबेथसारख्या काही शहरांतल्या अर्बन एंटरप्राइज झोनमध्ये, म्हणजे धंदा वाढावा म्हणून सवलत दिलेल्या भागात, नोंदलेल्या दुकानात स्वतः जाऊन घेतलं, तर निम्मा दर.

आता तुमचं बिल. न्यू जर्सीत नेहमीच्या वापराच्या कपड्यांवर आणि चपला-बुटांवर टॅक्स नाही, किंमत कितीही असो. पैठणी हा कपडाच. घरच्या माणसाने अंगावरचा कपडा शिवायला घेतलेल्या कापडालाही सूट आहे, म्हणजे ब्लाउजपीसही सुटला. पर्स आणि दागिने मात्र कायद्याच्या भाषेत कपड्यांत मोडत नाहीत, मग ठुशी खरी असो की खोटी. टॅक्स लागायचा तो फक्त 75 डॉलरवर: 75 गुणिले 0.06625, म्हणजे 4.97. दुकानदाराने सरसकट 340 वर लावला. 17.56 डॉलर जास्त गेले.

बिल घेऊन आधी दुकानात जा. बहुतेक वेळा चूक काउंटरवरच्या मशीनची असते, त्यात पैठणी ‘इतर माल’ म्हणून चढवलेली असते. भांडायला जाऊ नका, पण ‘पुढच्या खरेदीत वळते करू’ यावरही मान डोलावू नका, पैसे परत मागा. नाहीच दिले तर राज्याच्या कर विभागाकडे फॉर्म ए-3730 भरून तुम्हाला स्वतःला परतावा मागता येतो. टॅक्स भरल्यापासून चार वर्षांची मुदत असते. सतरा डॉलरसाठी कोण फॉर्म भरेल, हे मलाही कळतं. पण लग्नाचा बस्ता असा बांधला असता तर?

हा नियम न्यूयॉर्कला नेऊ नका. शहरात 110 डॉलरच्या आतल्या कपड्यावर टॅक्स नाही, पण साडी बरोबर 110 ची झाली की सगळ्या 110 वर 9.76 डॉलर लागतात. एका डॉलरने जवळजवळ दहा डॉलरचा फरक!

आता टीव्ही. तुम्ही पाठवलेल्या पावतीवर किंमत 1,499, दुकानाची सूट 100, आणि कंपनीकडून नंतर चेकने आलेले 50. टॅक्स 1,399 वर. दुकानदाराने स्वतः सोडलेले पैसे किमतीतून वजा होतात, कंपनीने मागाहून पाठवलेले होत नाहीत. डेलावेअरच्या दुकानाने टॅक्स घेतला नाही यात त्याचं काही चुकलं नाही. विक्री तिथे झाली, माल तिथे हातात दिला. त्याच दुकानाने टीव्ही एडिसनला घरपोच पाठवला असता तर मोठ्या दुकानाला 6.625 टक्के लावावेच लागले असते. दुसऱ्या राज्यातल्या विक्रेत्यालाही हे बंधन घालता येतं, असा निकाल सुप्रीम कोर्टाने 21 जून 2018 ला साउथ डाकोटा विरुद्ध वेफेअर खटल्यात दिला. तेव्हापासून ऑनलाइन खरेदीत टॅक्स सहसा चुकत नाही.

तुम्ही स्वतः गाडीत घालून आणलात, म्हणून हिशेब तुमच्यावर आला. त्याला यूज टॅक्स म्हणतात: वस्तू न्यू जर्सीत वापरायची आणि टॅक्स कुठेच भरला नाही, तर इथला दर भरायचा. कुठे कमी भरला असेल तर फरक. पेन्सिल्वेनियात 6 टक्के भरलेत तर उरलेले 0.625. आपल्याकडची जुनी जकात आठवा. मुंबईच्या वेशीवर नाके होते, ट्रक थांबायचे. डेलावेअरच्या पुलावर येताना टोलही नाही आणि नाकाही नाही. नाका तुमच्या रिटर्नमध्ये आहे. एनजे-1040 मध्ये, म्हणजे राज्याच्या आयकर रिटर्नमध्ये, यूज टॅक्सची ओळ असते, तिथे 92.68 लिहा. हजार डॉलरच्या आतल्या किरकोळ वस्तूंसाठी उत्पन्नावरून अंदाज काढायचा तक्ता आहे, पण हजार किंवा त्याहून महागड्या वस्तूचा हिशेब प्रत्यक्षच करावा लागतो. पुण्याहून आणलेल्या सामानाची काळजी नको. तिथले रहिवासी असताना घेतलेल्या वस्तूंना हा कर नाही.

‘कोणाला कळणार आहे?’ हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी पत्रात ते दिसतं. कदाचित कुणी विचारणारही नाही. पण त्या रिटर्नवर तुमची सही आहे, आणि ती खोट्या प्रतिज्ञेची शिक्षा मान्य करून केलेली असते. टॅक्स नाही म्हणून मुद्दाम पूल ओलांडला आणि पुढे त्या ओळीत शून्य लिहिलं, तर ‘विसरलो’ म्हणायला जागा उरत नाही. व्हिसावर राहणाऱ्या माणसाला 92 डॉलरसाठी ही सही करू द्यायला मी कधीच तयार होणार नाही. उशीर झाला तर दंडाशिवाय बँकांच्या मूळ व्याजदरावर आणखी 3 टक्के व्याज लागतं. तुमचं रिटर्न अजून भरायचं आहे, तेव्हा 15 एप्रिलच्या आत आकडा घाला आणि विषय संपवा. पावती जपून ठेवा.

आईबाबांच्या खरेदीचं: युरोपात पाहुण्यांना विमानतळावर कर परत मिळतो, इथे तशी सोय नाही. कस्टमचा सेल्स टॅक्सशी संबंधच नाही. त्यांना कपडे आणि बूट घ्यायचे असतील तर न्यू जर्सीतच घ्या. घड्याळ किंवा लॅपटॉप डेलावेअरहून घेऊन ते थेट पुण्याला नेणार असतील, तर तो तुमचा माल नाही, त्यांचा. बिल त्यांच्या नावाचं आणि पैसे त्यांच्या कार्डावरून, एवढं मात्र बघा. आणि तो लॅपटॉप मधले दोन महिने तुमच्या मुलाच्या टेबलावर चालू नसावा.