बिअर्डेड ड्रॅगन या पाळीव सरड्याच्या टँकमध्ये तळाला वाळू पसरली तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की पिल्लू दोन महिन्यांचं आहे, दुकानदाराने सोबत ‘कॅल्शियम सँड’ची पिशवी दिली आणि "पोटात गेली तरी विरघळते" असं सांगितलं. पिशवी फोडली नसेल तर परत करा. फोडली असेल तर बागेत ओता, पण टँकमध्ये नको.

हेच वाक्य ऐकून मीही ती विकत घेतली होती. नऊ वर्षांपूर्वी, इथे डॅलसला, आमच्या खंडू नावाच्या ड्रॅगनसाठी. (रंगाने भंडाऱ्यासारखा पिवळा, आणि बायकोचं कुलदैवत जेजुरीचं, त्यामुळे दुसरं नाव सुचलंच नाही.) ही वाळू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, थोडक्यात खडू. चिमूटभर विरघळेलही. पण जास्त गेली की ती पोटातलं आम्लच मारते, आणि ओलसर होऊन तिचा गोळा बसतो. त्यात ज्या पिल्लाला कॅल्शियम कमी पडतंय ते ती मुद्दाम चाटत बसतं. खंडूने सहा दिवस शी केली नाही, मग खाणं सोडलं, मग मागचे पाय ओढायला लागला. एक्स-रेमध्ये आतड्याचा एक भाग पांढराफटक दिसत होता.

गंमत म्हणजे डॉक्टरीणबाईंनी आधी वाळूबद्दल विचारलंच नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, "ज्या दगडावर तो शेकत बसतो त्याचं तापमान किती?" मी ऐटीत चाळीस म्हणालो. काचेला चिकटवलेली तापमापकाची तबकडी तेवढं दाखवत होती. त्यांनी लांबूनच पृष्ठभागाचं तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन घ्यायला लावली, घरी येऊन मोजलं तर ३१! सरड्याचं अन्न पचतं ते बाहेरून मिळणाऱ्या उष्णतेवर. ऊब कमी, अंगात पाणी कमी, कॅल्शियम कमी किंवा पोटात जंत, यातलं काहीही असलं तर एरवी शीबरोबर निघून जाणारे चार कणही आत अडकून बसतात. खंडू आठवडाभर औषधं आणि सलाइन घेऊन वाचला, पण मी फक्त वाळू बदलून ऊब देणारा दिवा तसाच ठेवला असता तर काही खरं नव्हतं.

तेव्हा आधी गन घ्या. शेकायच्या जागेचा पृष्ठभाग ४० अंशांच्या आसपास हवा, थंड टोक २५-२७.

आता तुमच्या पिल्लासाठी तळाला साधा किचन टॉवेल. दिसायला रुक्ष आहे, मान्य. पण शी कशी होते, कधी होते ते लगेच कळतं, आणि नवीन जनावराची विष्ठा एकदा तपासून घ्यायचीच असते. दोन-तीन महिन्यांनी खडबडीत फरशी टाका, स्लेट असेल तर उत्तम. ती दिव्याखाली छान तापते, नखंही आपोआप घासली जातात. गुळगुळीत चकचकीत टाइल मात्र नको, पाय घसरतात. रेप्टाइल कार्पेट म्हणून मिळतं त्याच्या धाग्यांत नखं अडकतात आणि ते कितीही धुतलं तरी घाण राहते.

"पण हा वाळवंटी प्राणी ना?" असं माझी मुलगीही विचारायची. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या भागात हे ड्रॅगन राहतात तिथे वाळूचे ढीग कमी, टणक तांबडी जमीन, झुडपं आणि कुंपणाचे खांब जास्त. लेपर्ड गेको हा दुसरा पाळीव सरडा अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या खडकाळ टेकड्यांमधला. खरोखर भुसभुशीत वाळूत राहणारा म्हणजे सहारातला सँडफिश नावाचा सरडा, जो वाळूत पोहतो. त्याला बारीक वाळू दिलीच पाहिजे. आपला कच्छ-राजस्थानातला सांडासुद्धा घट्ट जमिनीत बीळ खणतो (तो संरक्षित आहे, पाळायचा विचारही नको).

म्हणून ड्रॅगन मोठा, धडधाकट झाला की त्याला वाळू नव्हे, जमीन द्या. मी दोन भाग माती आणि एक भाग धुतलेली, मुलांच्या खेळायची बारीक वाळू घेतो. मातीत खत किंवा परलाइटचे पांढरे मणी नकोत. बांधकामाची क्रश सँड तर नकोच, तिचे कण धारदार असतात. मिश्रण पाणी शिंपडून ओलं करायचं, टँकमध्ये चांगला चार बोटांहून जाड थर द्यायचा आणि धुम्मसाने अंगण चोपतात तसं चोपून काढायचं. माझ्याकडे धुम्मस कुठला, मी विटेने चोपतो. मग दिव्याखाली पूर्ण कोरडं होऊ द्या, सरडा आठवडाभर बाहेर. बोटाने खरवडल्यावर जरा धूळ निघाली तर जमलं. खड्डा पडला तर पुन्हा भिजवा, पुन्हा चोपा. एक लक्षात ठेवा, असा जाड थर दिल्यावर खालून हीट मॅट लावू नका. उष्णता खाली कोंडते, काचही तडकू शकते. ऊब वरून, दिव्याचीच.

अक्रोडाच्या सालीचा भुगा, मक्याच्या कणसाचा चुरा, देवदार-पाइनचा भुसा हे दुकानात ‘डेझर्ट’ लिहून विकतात. साल टोचते, चुरा पोटात फुगतो, भुशाच्या उग्र तेलांनी श्वासाचा त्रास होतो. कोकोपीट कोरडं असलं की धूळ, ओलं असलं की दमटपणा, आणि ड्रॅगनला ३०-४० टक्क्यांवर आर्द्रता नको.

पाला आणि किडे खाली न टाकता वाडग्यात द्या. आणि मादी निघाली तर मोठेपणी, नर नसला तरी अंडी घालू शकते. त्या वेळी ओलसर माती-वाळूने भरलेला वीतभर खोल डबा लागेल. ते पुढचं पुढे. गन आणलीत की दगडाचा आकडा कळवा.